गाठीला कान होते की नव्हते

माझ्या ताईच्या गाठीला कान होते की नव्हते, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. कान हा शब्द तिचाच. डॉक्टर जो शब्द वापरत तो इंग्रजी होता आणि मी जो वापरला तो पाठ्यपुस्तकातला. तिला दोन्ही नको होते.

ऐंशीनंतरच्या दशकातली, मधल्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही तिघं मुलुंडला राहायचो. ताई, भावोजी आणि मी. ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. पार्ल्याचं आमचं घर आईवडिलांच्या मागे बंद झालं, मी लग्नाच्या भानगडीत पडले नव्हते, आणि ताई-भावोजींना मूलबाळ नव्हतं. तेव्हा एके दिवशी ताईने माझी ट्रंक रिक्षात घातली आणि विषय संपवला. मी तिथल्याच एका मराठी शाळेत शास्त्र शिकवू लागले. भावोजी आग्रा रोडवरच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे.

भावोजी मालवणकडचे, खाडीच्या काठी वाढलेले. एरवी अगदी अबोल माणूस, पण मासळी बाजारात शिरला की त्याला वाचा फुटायची. कल्ला उचलून बघायचा, पोटाला बोट लावून बघायचं, आणि नको असलेला मासा इतक्या गोडीने परत ठेवायचा की कोळीणच ओशाळायची. बिल्डिंगमधल्या निम्म्या बायका रविवारी आपल्या पिशव्या त्यांच्याच हाती द्यायच्या. बर्फातला मासा त्यांच्या लेखी नाइलाजाचा, आणि बर्फ वितळून त्या पाण्यात पडलेला मासा म्हणजे सरळ कचरा. 'बर्फाचा पाणी झाला काय मासो गेलो,' असं म्हणून ते पुढे चालू लागायचे. मला मासळीतलं काही कळत नाही. मी खाते आणि गप्प बसते.

ताईला गाठ लागली ती आंघोळ करताना, श्रावणात. तिने ती कोणाला सांगितली नाही, कारण गणपती तोंडावर आले होते. घरात गणपती असताना डॉक्टर, दवाखाना नको, असं तिने परस्पर ठरवून टाकलं. गौरी झाल्या, विसर्जन झालं, मखर माळ्यावर गेलं, आणि मग एका दुपारी मी शाळेतून आले तर मला म्हणाली, "जरा इकडे हात लाव गं." मी हात लावला आणि तिच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. "झालं तुझं?" ताई म्हणाली. "आता चहा टाक."

मुलुंडमध्येच एका नर्सिंग होममध्ये शस्त्रक्रिया ठरली. सर्जन तरुण होता, हुशार होता, आणि समजावून सांगायचा कंटाळा न करणारा होता. स्तन काढावा लागेल हे त्याने सांगितलं, काखेतल्याही गाठी काढाव्या लागतील हेही सांगितलं. मग म्हणाला की एक नवीन तपासणी निघाली आहे, शहरात फार थोड्या ठिकाणी होते, ती आपण करून घेऊ. त्यावर पुढचे उपचार ठरतील. गाठीचा एक तुकडा नेहमीप्रमाणे फॉर्मेलिनमध्ये जाईल, तो इथल्या पॅथॉलॉजीकडे. दुसरा तुकडा या तपासणीसाठी. तो ताजा हवा, बर्फात हवा, आणि लगेच पोचायला हवा. "फॉर्मेलिन अजिबात नको," असं तो दोनदा म्हणाला. मी तिथे होते. भावोजीही होते.

नमुना नातेवाइकांनी पोचवायचा, ही तेव्हा सगळ्याच छोट्या नर्सिंग होमची रीत होती. आपल्या माणसाचा कापलेला तुकडा बाटलीत घालून आपणच रिक्षाने न्यायचा. कोणालाही त्यात काही विचित्र वाटत नसे. मलाही तेव्हा वाटलं नाही, आता वाटतं.

ही तपासणी कसली, ते ताईने मला विचारलं. भाजी निवडत बसली होती. मला वर्गात शिकवायची सवय, मी फॉर्मेलिन का नको इथपासून सुरू झाले. प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण पेशी त्यातली थोडीच कामाला लावते आणि बाकीची गप्प बसवते. कामाला लावलेल्या जनुकांवरून ती प्रथिनं बनवते. काही गाठी एक विशिष्ट प्रथिन बनवतात, त्याने शरीरातलं बायकी संप्रेरक पकडतात, आणि त्या जोरावर वाढतात. अशा गाठींवर एक गोळी आहे. ती जाऊन त्या प्रथिनाची जागा अडवते. पण गाठीने ते प्रथिन बनवलंच नसेल तर गोळीला अडवायलाच काही नाही.

ताईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या गाठीला कान आहेत का, ते बघायचं. असले तर गोळी जाऊन तिच्या कानांत बोळे घालणार."

शास्त्राच्या बाईला याहून चांगलं सांगता आलं नसतं, आणि मला त्याचा थोडा रागही आला. मी म्हटलं, "हो. तसंच."

"आणि बहिरी असली तर?"

"तर सलाइनमधून इंजेक्शनं. उलट्या होतात, केस जातात. पण ती द्यावीच लागतील, आणि अंगात ताकद आहे तोवर द्यावी लागतील."

"मग कान असू देत बाई," ताई म्हणाली आणि मेथीच्या काड्या उचलून आत गेली. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या तपासणीला कानांची तपासणी म्हणू लागले. भावोजीसुद्धा.

शस्त्रक्रियेच्या दिवशी भावोजी सकाळीच रुंद तोंडाचा थर्मास बर्फाने गच्च भरून घेऊन आले. बर्फ मासळी बाजारातूनच आणला होता. पण भूल देणारे डॉक्टर दुसरीकडे अडकले, आणि आमचा नंबर लागता लागता दुपार झाली. मी वरच्या मजल्यावर ताईच्या खोलीत थांबले होते. भावोजी खाली थर्मास मांडीवर घेऊन बाकावर. अधूनमधून झाकण उघडून बघत होते, असं मला नंतर कळलं. झाकण उघडलं की बर्फ आणखी वितळतो, हे त्यांना मी सांगायला हवं होतं असं नाही. मासळीवाल्यांच्या गावचा माणूस तो. पण त्या दिवशी तो मासळीवाल्यांच्या गावचा नव्हता, एका बाईचा नवरा होता.

सर्जनने तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेर पाठवला, तेव्हा थर्मासमध्ये पाणी जास्त आणि बर्फ कमी असं झालं होतं. भावोजींनी पिशवी त्यात ठेवली. तिच्या तोंडाची गाठ सैल होती, आत पाणी शिरताना त्यांना दिसलं. आसपास बर्फ मिळेना. शहर दूर. बर्फाच्या पाण्यात पडलेली वस्तू नासते, ही एकच गोष्ट या माणसाला पोटतिडकीने माहीत होती. शेजारीच आयाबाई दुसऱ्या तुकड्याच्या बरणीत औषध ओतत होत्या. न नासण्याचं औषध. तेच फॉर्मेलिन, हे भावोजींच्या ध्यानात आलं नाही. भावोजींनी त्यांना विनंती केली की आमच्यातही थोडं घाला. आयाबाईंनी घातलं. त्यांनी आयुष्यभर प्रत्येक तुकड्यावर तेच ओतलं होतं. त्यांना यात चुकीचं काही दिसायचं कारणच नव्हतं.

संध्याकाळी भावोजी परत आले ते समाधानाने. "पोचवलंय," म्हणाले. "जरासुद्धा वास येऊक दिलंय नाय." मी त्यांना चहा दिला. काय केलंय ते त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांना वाटत होतं की त्यांनी प्रसंगावधान दाखवलंय, आणि स्वतःचं कौतुक सांगणाऱ्यांतले ते नव्हते.

आठवड्याने प्रयोगशाळेचं उत्तर आलं. नमुना फॉर्मेलिनमध्ये आल्यामुळे तपासणी होऊ शकत नाही. सर्जनच्या समोरच्या दोन खुर्च्यांवर आम्ही बसलो होतो. त्याने कागद वाचला, भावोजींकडे बघितलं आणि म्हणाला, "मी सांगितलं होतं." एवढंच. आवाजही चढवला नाही. फॉर्मेलिनने प्रथिनं जागच्या जागी गोठतात, मग संप्रेरक त्यांना चिकटतं की नाही हे बघता येत नाही, असं काहीतरी तो पुढे बोलला. आता म्हणे तशा तुकड्यांवरही ही तपासणी सर्रास होते. तेव्हा आमच्यासाठी होत नव्हती. आणि गाठ संपली होती. उरलेली काही बाजूला ठेवलेली नव्हती.

भावोजी खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. "साहेब, बर्फाचं पाणी झालं होतं," म्हणाले.

सर्जनने मग अंदाजाने ठरवलं. ताईची पाळी गेलेली होती, त्या वयात बहुतेक बायकांच्या गाठीत ते प्रथिन असतं, म्हणून गोळी सुरू करू. इंजेक्शनं हातात आहेतच, लागली तर बघू. चुकीचं काही तो बोलत नव्हता. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानेही हेच केलं असतं. पण अंदाज तो अंदाज. नर्सिंग होमच्या पायऱ्या उतरताना भावोजी मला म्हणाले, "तिला सांगू नकोस गो. तपासणी नीट झाली नाही, एवढंच सांग." मी तेवढंच सांगितलं. ताई म्हणाली, "बरं," आणि पुढे काही विचारलं नाही. ताई पुढे काही विचारत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

गोळी रोज सकाळी चहाबरोबर. भावोजी स्वतः द्यायचे, वाटीत ठेवून, देवाला नैवेद्य ठेवावा तशी. ताई ती उचलून म्हणायची, "चला, बोळे घालून येते." काही दिवसांनी तिला अंगातून वाफा येऊ लागल्या. बोलता बोलता चेहरा लाल व्हायचा, पदराने वारा घेत बसायची. ती खूश होती. "लागू पडतेय बघ. उगाच नाही अंग तापत." भावोजींचा चेहरा त्या वाफांनी उजळायचा. त्या वाफांशी गाठीचा काही संबंध नाही, हे मला माहीत होतं. गोळीचं ऐकणारं प्रथिन शरीरात इतरही पुष्कळ ठिकाणी असतं. तिचं सगळं शरीर गोळीचं ऐकत होतं. ज्याने ऐकायला हवं ते ऐकत होतं का, हे त्यातून कळायला काही मार्ग नव्हता. मी त्या दोघांच्या तोंडाकडे बघून गप्प राहायची.

नातेवाइकांचा ओघ होताच. कोणी गव्हांकुरांचा रस सांगितला, कोणी काळी द्राक्षं, कोणी कुठल्यातरी महाराजांचा अंगारा. ताईच्या एका चुलत नणंदेने तर 'मनात काही दाबून ठेवलं की गाठी होतात' असं तिच्याच समोर बसून, तिच्याच हातचे पोहे खात सांगितलं. मी त्या बाईला रिक्षापर्यंत पोचवायला गेले आणि वाटेत जे बोलायचं ते बोलले. ती पुन्हा आली नाही. एक तरी गोष्ट मार्गी लावल्याचं मला समाधान मिळालं.

पुढच्या वर्षीचे गणपती छान झाले. त्याच्या पुढच्या वर्षी ताईला मखर चढवताना पाठीत कळ आली, ती गेलीच नाही. मग गळ्याच्या हाडाच्या वर, मानेशी, वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. या वेळी तिने कोणताही सण मध्ये येऊ दिला नाही. मला हाक मारली आणि माझं बोट धरून तिथे ठेवलं. मी ओरडले नाही. ओरडण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मानेतली गाठ काढली, तेव्हा बर्फ मी नेला. पिशवी दुहेरी, तोंड रबराने आवळलेलं, वेगळा बर्फ बादलीत भरून टॅक्सीत. भावोजी त्या दिवशी कारखान्यात गेले. येणार का, असं मी विचारलंही नाही. तपासणी नीट झाली. उत्तर स्पष्ट आलं. ते प्रथिन या गाठीत नव्हतं. कान नव्हते.

आम्ही पुन्हा त्याच दोन खुर्च्यांवर बसलो. भावोजींनी विचारलं, "म्हणजे गोळीचा कधीच उपयोग नव्हता?"

सर्जन म्हणाला, तसं सांगता येणार नाही. आजार पसरतो तेव्हा कधी कधी गाठीचा स्वभाव बदलतो. पहिलीत असेल आणि हिच्यात नाहीसं झालं असेल. किंवा पहिलीतही नसेल.

"मग तेव्हाच इंजेक्शनं दिली असती तर?"

"कदाचित फरक पडला असता. कदाचित नसता पडला."

मला त्या माणसाच्या प्रामाणिकपणाचा इतका संताप आला की मी पर्सची चेन उघडबंद करत राहिले. भावोजी फाशी ऐकायला आले होते, किंवा सुटका. दोन्ही मिळालं नाही.

इंजेक्शनं सुरू झाली, पण आता ताईच्या अंगात ती सोसण्याइतकं काही नव्हतं. पहिल्याने केस गेले, दुसऱ्याने तोंड आलं, तिसऱ्याच्या वेळी डॉक्टरच म्हणाले की राहू दे. ती अंथरुणाला लागली. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. भावोजी औषधं आणायला गेले होते. ताई म्हणाली, "हे खंगलेत बघ. त्यांना कोणी सांगणार आहे का, की त्यात त्यांची चूक नव्हती?"

मी चमचा खाली ठेवला. "कशात?"

"अगं, ते औषध घातलं त्यात. मला ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. आयाबाई सांगत होती, मिस्टर किती काळजीचे तुमचे, तुकडा नासू नये म्हणून औषध घालून घेतलं. कौतुकाने सांगत होती बिचारी. तू मला इतकं समजावलं होतंस, फॉर्मेलिन नको, फॉर्मेलिन नको. मला काय कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करायचं होतं? माझ्यासमोर रोज सकाळी वाटी घेऊन उभं राहायचं होतं ना त्यांना." मग म्हणाली, "तूही सांगू नकोस. मला माहीत होतं हे त्यांना कळलं तर ते माझ्यासमोर येणारच नाहीत. मला आता ते समोर हवेत."

मी सांगितलं नाही. दोघांनी एकमेकांपासून जे लपवलं होतं ते दोन्ही माझ्याकडे होतं, आणि त्यातलं कुठलंही कोणाच्या कामाचं नव्हतं. ताई मार्गशीर्षात गेली. शेवटचे काही दिवस ती कोणाला ओळखत नव्हती. भावोजींना सुद्धा नाही. ते समोरच होते.

तिच्यामागे मी तिथेच राहिले. लोकांनी थोडी कुजबुज केली, मग तीही थांबली. भावोजी निवृत्त झाले. एका रविवारी दुपारी आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून भिजवलेल्या वालांच्या साली काढत होतो. भावोजी एक एक वाल चिमटीत धरून दाबायचे, आतली डाळिंबी वाटीत पडायची. मग ते वाटीकडे बघतच म्हणाले, "त्या पहिल्या गाठीला कान होते, असं धर."

मी हातातला वाल वाटीत टाकला.

"मग डॉक्टरने काय दिलं असतं?"

"गोळीच," मी म्हटलं.

"म्हणजे आपण दिली तीच. म्हणजे तपासणी झाली असती काय, नसती काय, सारखंच."

"हो."

"आणि नव्हते, असं धर."

उत्तर त्यांनीच दिलं. "मग तिला अंगात ताकद असताना इंजेक्शनं मिळाली असती." हे त्यांनी किती वेळा मनात मांडलं असेल कोण जाणे. शाळेत मी मुलांना पायऱ्या पायऱ्यांनी उत्तर काढायला शिकवायची. त्यांच्या एकाही पायरीत मला चूक काढता आली नाही.

"तेव्हा होतेच," भावोजी म्हणाले. "कान होतेच त्या गाठीक. गोळी बरोबरच होती, पण लागू पडली नाय. कधी कधी होता असा. होता ना?"

बायको गेल्यावर हा माणूस रोज बसून एवढंच मागत होता, की तिला योग्य तेच औषध मिळालेलं असू दे आणि त्याचा काही उपयोग झालेला नसू दे. याहून चांगलं मागण्यासारखं त्याच्याकडे काही उरलेलं नव्हतं.

"तू शिकलेली आसस," ते म्हणाले. "तू सांग. काहीच करण्यासारखा नव्हता, असा सांग."

"काहीच करण्यासारखं नव्हतं, भावोजी," मी म्हटलं. अगदी वर्गात म्हणते तसं, ठामपणे.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "तुका काय म्हायत?" त्यांनी विचारलं.

रागाने नव्हे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला काहीच माहीत नव्हतं.